आपल्या फ्लाइटला नेमकं कुठलं विमान येणार, हे आधी कळतं का?

नागपुरी_मामा | सोम, २१:१४

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका. माझा भाचा चौथीत आहे आणि त्याला विमानांचं भयंकर वेड, म्हणजे इतकं की आपण कुठल्या कंपनीच्या विमानात बसलो हे त्याला महत्त्वाचं नाही, मागे शेपटीजवळ जो नंबर असतो व्हीटी-आयटी अमुक, व्हीटी-आययू तमुक, तो हवा, आणि ते सगळं एका वहीत. तर येत्या शनिवारी आम्ही नागपूरहून सकाळच्या पहिल्या इंडिगोने मुंबईला जातोय आणि तिथून संध्याकाळी दिल्लीला. साहेबांची अट अशी की वहीत आधीच असलेलं विमान नको. मी म्हटलं अरे ते काय आपल्या हातात आहे का, तर म्हणतो हातात नसू दे मामा, आधी माहीत तर करून घेता येईल ना. बुकिंगमध्ये नुसतं ए३२० दिसतंय. ते मॉडेल झालं. त्यातलं नेमकं कोणतं हे निघायच्या आधी शोधायची काही रीत आहे का? असेल तर किती आधी कळतं?

आगाऊ_कार्टा | सोम, २१:२०

भाचा मोठा होऊन डीजीसीएत (विमानवाहतुकीच्या सरकारी नियामक यंत्रणेत) जाणार, लिहून घ्या. रुमाल टाकून ठेवतोय.

खिडकीची_सीट | सोम, २१:५२

अरे वा, माझ्याच गोत्रातला भाचा आहे हा :) मी पण नंबर लिहून ठेवते, फक्त वहीऐवजी एक्सेलमध्ये.

तर रीत आहे. फ्लाइटरडार२४ उघडा (ॲप किंवा साइट, फुकटवालं पुरे), वर सर्चमध्ये फ्लाइट नंबर टाका. मग एक यादी येते, खालच्या ओळी म्हणजे झालेल्या फ्लाइट्स, वरच्या म्हणजे पुढे व्हायच्या. झालेल्यांच्या पुढे विमानाचा प्रकार आणि रजिस्ट्रेशन दोन्ही असतं. फुकटात मागचे ७ दिवस दिसतात, सिल्व्हर घेतलं तर ९०, गोल्डला ३६५. पुढच्यांच्या पुढे बहुतेक वेळा नुसता प्रकार असतो, ए२०एन वगैरे, म्हणजे ए३२०निओ. जसजशी वेळ जवळ येते तसं कधीतरी तिथे रजिस्ट्रेशन उगवतं. काही कंपन्यांचं आदल्या दिवशीच उगवतं, काहींचं विमान हलेपर्यंत नाही.

रजिस्ट्रेशन मिळालं की त्यावर टॅप करा, त्या विमानाची जन्मकुंडलीच येते, आज कुठे होतं, काल कुठे होतं. फ्लाइटअवेअरवर पण "माझं विमान आत्ता कुठे आहे" अशा अर्थाची एक लिंक असते फ्लाइटच्या पानावर, ती थेट आधीच्या फ्लाइटवर नेते. आयफोन असेल तर फ्लायटी नावाचं ॲप हे सगळं आपोआप करतं, आदल्या दिवसापासून मागोवा घेत राहतं, पण चांगल्या सोयींना पैसे पडतात.

तुमच्या नागपूर–मुंबईचं सोपं आहे. पहिली फ्लाइट म्हणजे विमान रात्री येऊन नागपूरला थांबलेलं असणार. शुक्रवारी रात्री उशिरा नागपूरला कोण आलं आणि परत गेलं नाही ते बघा. एअरपोर्टच्या पानावर अरायव्हल्सची यादी असते.

मुंबई–दिल्लीचं मात्र देवावर सोडा.

नागपुरी_मामा | सोम, २२:०५

धन्यवाद ताई! दिल्लीचं देवावर का पण? तिथे तर जास्त विमानं, जास्त माहिती.

शिफ्ट_इन्चार्ज | सोम, २३:३८

जास्त विमानं आहेत म्हणूनच.

मी बरीच वर्षं एका विमान कंपनीच्या ऑप्स कंट्रोलमध्ये, म्हणजे रोजची उड्डाणं चालवणाऱ्या खात्यात होतो, आता नाही, त्यामुळे थोडं मोकळेपणाने लिहितो. लोकांना वाटतं की वेळापत्रक बनतं तेव्हाच ठरतं की हे विमान या नंबरला. तसं काही नसतं. वेळापत्रक महिनोन्‌महिने आधी बनतं आणि त्यात फक्त प्रकार असतो, तीन अक्षरी कोडात, ३२एन म्हणजे ए३२०निओ, ३२क्यू म्हणजे ए३२१निओ, एटी७ म्हणजे एटीआर ७२, ७७डब्ल्यू म्हणजे ७७७-३००ईआर. तिकिटाच्या साइट्स, गूगल फ्लाइट्स, सगळे तेवढंच दाखवतात कारण तेवढंच अस्तित्वात असतं. एसटी स्टँडवर जसं बोर्डावर "शिवनेरी, स्वारगेट" असतं पण गाडी कुठली लागणार ते डेपोत त्या दिवशी ठरतं, तसंच.

मग उड्डाणाच्या काही दिवस आधी टेल असाइनमेंट होते, टेल म्हणजे नंबरासकट एक नेमकं विमान. आधी साखळ्या असतात, आम्ही रोटेशन म्हणायचो, म्हणजे समजा मुंबई–नागपूर–मुंबई–गोवा–मुंबई–कोची असा एक दिवसाचा धागा. या धाग्याला एक टेल अडकवायची. आता कुठली अडकवायची त्यात पहिला मान मेंटेनन्सचा. एखाद्या विमानाचा चेक उद्या रात्री ड्यू असेल तर त्याला असाच धागा द्यावा लागतो जो उद्या रात्री हँगर आहे त्या गावात संपतो. दुसरं म्हणजे एमईएल, काय बंद असताना उडता येतं त्याची यादी. विमानात एखादी वस्तू बंद असली तरी नियमात बसत असेल तर ठरावीक दिवस उडता येतं, पण अटी असतात. एपीयू बंद आहे, म्हणजे शेपटीतलं ते छोटं इंजिन ज्यावर जमिनीवर वीज आणि एसी चालतो आणि मोठी इंजिनं सुरू करायला हवा मिळते, तर असं विमान तुम्ही लहान गावाला पाठवत नाही जिथे बाहेरून हवा द्यायचं यंत्र नाही, नाहीतर ते तिथेच बसेल. त्याला मोठ्या मोठ्या एअरपोर्टवरच फिरवायचं. समुद्रावरून लांब जायचं असेल तर त्या विशिष्ट विमानाला तसं क्लिअरन्स लागतं. लेहला जायचं असेल तर तिथली उंची झेपणारं विमान लागतं. आणि हे सगळं बसवून झालं की सकाळी सहाला कुठेतरी पक्षी धडकतो आणि सगळं पुन्हा मांडायचं.

तेव्हा बेसवर, म्हणजे जिथे कंपनीची दहा-वीस विमानं एकाच वेळी उभी असतात तिथे, ऑप्सवाला सहज अदलाबदल करतो. अ विमान लेट येतंय, ब शेजारीच रिकामं आहे, ब ला पाठवा आणि अ ला तासाभरानंतरची फ्लाइट द्या. प्रवाशाला फक्त गेट बदललेलं दिसतं, ते पण कधीकधीच. नागपूरला हे करता येत नाही कारण नागपूरला दुसरं विमान नाही. जे आलं तेच परत जाणार. म्हणून ताई म्हणाल्या ते बरोबर, बाहेरगावाहून बेसकडे येणाऱ्या फ्लाइटचं सांगता येतं, बेसवरून निघणाऱ्याचं शेवटच्या दोन-तीन तासांपर्यंत मी स्वतः सांगितलं नसतं, आणि खुर्चीत तर मीच बसलेलो असायचो.

आगाऊ_कार्टा | सोम, २३:५१

वरच्या प्रतिसादासाठी तरी हा धागा वाखुसा (वाचनखूण साठवा) केला.

रात्रपाळी | मंगळ, ००:४७

शिफ्टसाहेब, एक टेक्निकल शंका. मग फ्लाइटरडारवर भविष्यातल्या फ्लाइटपुढे जे रजिस्ट्रेशन उगवतं ते येतं कुठून? कारण लाइव्ह विमानाचं मला कळतं. एडीएस-बी, म्हणजे विमान स्वतःची ओळख आणि जागा सांगत राहतं तो सिग्नल, १०९० मेगाहर्ट्झवर ब्रॉडकास्ट होतं, त्यात विमानाचा २४ बिटचा हेक्स पत्ता असतो, भारताचे सगळे ८०० ते ८३एफ ने सुरू होतात, आणि तो पत्ता डेटाबेसमध्ये रजिस्ट्रेशनशी जोडलेला असतो. त्यामुळे हवेतल्या विमानाची ओळख पक्की. पण जे अजून हवेतच नाही त्याचं?

शिफ्ट_इन्चार्ज | मंगळ, ०८:१०

बरोबर ओळखलंत, दोन्ही माहित्यांचा दर्जा वेगळा आहे. लाइव्ह म्हणजे विमान स्वतः ओरडून सांगतंय मी अमुक. भविष्यातलं म्हणजे कुणीतरी दुसरा सांगतोय, कंपनीच्या सिस्टिममधून निघालेला किंवा एअरपोर्टकडून आलेला डेटा. तो त्या क्षणी खरा असतो पण पाच मिनिटांनी बदलू शकतो, आणि बदललेला प्रत्येक वेळी तिकडे लगेच पोचतो असं नाही. उड्डाणाच्या काही तास आधी एटीसीकडे (हवाई वाहतूक नियंत्रणाकडे) फ्लाइट प्लॅन जातो, त्यात १८ नंबरच्या रकान्यात रजिस्ट्रेशन द्यायचं असतं. म्हणजे कागदोपत्री पहिल्यांदा नक्की होतं ते तिथे. त्यानंतरही विमान बदललं तर प्लॅनमध्ये दुरुस्ती.

अजून एक घोळ सांगतो, नव्या लोकांचा हमखास होतो. विमानाचा रेडिओवरचा कॉलसाइन आणि तिकिटावरचा नंबर एकच असेल असं नाही. सारखे आकडे असलेल्या दोन फ्लाइट्स एकाच भागात असल्या की वैमानिकाचा आणि एटीसीचा गोंधळ होतो, म्हणून कॉलसाइन अक्षरं घालून बदलतात. नकाशावर तुम्हाला आयजीओ (इंडिगोचा कोड) नंतर काहीतरी अगम्य दिसेल. घाबरू नका, तीच तुमची फ्लाइट असते.

इसारकाठची_मेधा | मंगळ, १२:३०

मस्त चाललाय धागा. आमच्याकडे म्युनिकला हा प्रश्न हौसेचा नाही, पैशाचा आहे. लुफ्तान्झाची म्युनिकवाली सगळी ए३५०-९०० वेळापत्रकात एकच, ३५९. पण आत तीन वेगळी जगं. एक जुनी मूळची, बिझनेसमध्ये २-२-२. दुसरी फिलिपीन एअरलाइन्सकडे होती ती, त्यांच्या आतल्या खुर्च्या वेगळ्याच. आणि तिसरी अलेग्रिस नावाच्या नवीन केबिनवाली, मे २०२४ पासून आलेली. तिघांतली कुठली येणार यावर आईबाबांची रात्र कशी जाणार ते ठरतं, आणि भाव तिन्हीला सारखाच!

माझा अनुभव सांगते. रजिस्ट्रेशन शोधत बसू नका, सीट मॅप बघा. एरोलोपा नावाची साइट आहे, तिथे प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक उपप्रकाराचा स्केलमध्ये काढलेला नकाशा आहे, खिडक्या कुठे येतात तेसुद्धा. तो एका खिडकीत उघडा आणि दुसऱ्या खिडकीत कंपनीच्या साइटवरचा तुमच्या तारखेचा सीट मॅप. जुळला की कळलं. आणि दर आठवड्याला परत बघा. मॅप बदलला म्हणजे विमान बदललं, कंपनी ईमेल करो ना करो.

खिडकीची_सीट | मंगळ, १३:०२

+१ मेधा. भारतातपण हे चालतं. इंडिगोचा मॅप उघडा, रांगा मोजा. २-२ बसायला आणि एकूण ७८ सीटा तर एटीआर. ३-३ आणि तिशीच्या आसपास रांगा, तर ए३२०, १८० किंवा १८६ सीटांचं. रांगा पस्तिशीच्या पुढे गेल्या तर ए३२१. पुढे २-२ च्या बारा मोठ्या खुर्च्या दिसल्या तर स्ट्रेचवालं, म्हणजे इंडिगोच्या बिझनेसवालं ए३२१, एकूण २२०. आणि ७००० च्या घरातला इंडिगोचा नंबर म्हणजे एटीआर, मॅप उघडायची पण गरज नाही.

एअर इंडियाला तर एक भारी खूण मिळाली होती विलीनीकरणानंतर. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा त्यांच्यात गेली, तेव्हा विस्ताराच्या फ्लाइट्सना पुढे २ लावला, यूके ९५५ ची एआय २९५५ झाली. म्हणजे चार आकडी, २ ने सुरू होणारा नंबर दिसला की विमान विस्ताराकडचं. आमच्या ग्रुपवर लोक तिकीट काढताना आधी तो २ शोधायचे.

लांबच्या फ्लाइट्सना बिझनेसची रचना बघा. १-२-१ आणि २८ स्वीट्स तर ए३५०, जे मुळात एरोफ्लोटसाठी बनले होते आणि आले एअर इंडियाकडे. १-२-१ आणि ३० तर विस्ताराचं ७८७-९. २-२-२ आणि १८ तर जुन्या रचनेचं ७८७-८. ७७७ मध्ये मात्र भेळ आहे, स्वतःची जुनी, डेल्टाकडून आलेली २००एलआर, एतिहादकडून आलेली ३००ईआर.

आगाऊ_कार्टा | मंगळ, १३:१५

म्हणजे तिकीट एअर इंडियाचं, खुर्ची अबूधाबीची, स्क्रीन अटलांटाची. वसुधैव कुटुंबकम्. (ह.घ्या.)

जुना_सांताक्रूझकर | मंगळ, १७:४४

आमच्या वेळी विमानांना नंबर नव्हे, नावं असायची. म्हणजे नंबर होतेच, पण लोकांच्या तोंडी नाव. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं ते मलबार प्रिन्सेस, लॉकहीड कॉन्स्टलेशन. तेच विमान पुढे नोव्हेंबर १९५० मध्ये माँ ब्लांवर कोसळलं. मग १९७१ मध्ये जंबो, म्हणजे ७४७ आले, त्यांना सम्राटांची नावं. पहिलं एम्परर अशोक, व्हीटी-ईबीडी. आम्ही पोरं सांताक्रूझला टर्मिनलच्या गच्चीवर जायचो आणि नाकावरचं नाव वाचायची पैज लावायचो. अशोकचा शेवट फार वाईट झाला, १ जानेवारी १९७८ च्या रात्री, मुंबईहून दुबईला निघालं आणि वांद्र्यासमोर समुद्रात गेलं. कनिष्कचं तर सगळ्यांना ठाऊक आहे.

नंतरच्या ७४७-४०० ना गावांची नावं. त्यातलं शेवटचं आग्रा, व्हीटी-ईव्हीए, एप्रिल २०२४ मध्ये मुंबईहून कायमचं अमेरिकेला गेलं, सुटे भाग काढायला. जाताना त्याने पंख हलवून निरोप दिला. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर त्या दिवशी भरपूर म्हातारी माणसं होती.

तेव्हा आधी कळायचं का? छे. एअरपोर्टवर जाऊन नाक दिसेल तेव्हा.

तोक्योकर | मंगळ, १८:२९

काका, सुरेख. नावं असलेली विमानं अजून आहेत आणि तीसुद्धा आधी जाहीर करून पाठवणारी. एएनएची तीन ए३८० फ्लाइंग होनू, नारिता–होनोलुलू, निळं लानी, हिरवं काई, केशरी ला. समुद्री कासवाची चित्रं काढलीत त्यांच्यावर. एएनएच्या साइटवर रंगवलेल्या स्पेशल विमानांचं वेळापत्रक मिळतं, कुठल्या तारखेला कुठल्या फ्लाइटला ते. तैवानच्या ईव्हा एअरच्या हॅलो किटीवाल्या विमानांचंही तसंच. तळटीप अर्थातच असते की ऐनवेळी बदलू शकतं. पण कंपनीला वाटलं तर सांगता येतं हे त्यातून दिसतं. आपल्याकडे एअर इंडिया एक्सप्रेसने २०२३ पासून प्रत्येक शेपटीवर वेगळी नक्षी काढलीये, पहिल्यावर बांधणी होती, पण कुठल्या गावाला कुठली शेपटी ते सांगत नाहीत. सांगितलं तर मी साडी मॅचिंग करून येणारी माणसं ओळखतो.

घाबरट_प्रवासी | मंगळ, २२:११

सगळे हौसेने विचारतायत, मी भीतीने विचारते, चालेल का? १२ जून २०२५ ला अहमदाबादला जे झालं त्यानंतर मला ७८७-८ म्हटलं की पोटात गोळा येतो. ते व्हीटी-एएनबी होतं हे पण मला पाठ झालंय, कशाला झालंय माहीत नाही. लेक लंडनला आहे, जावं तर लागणार. कुठलं विमान येणार हे आधी कळलं तर मी तिकीट बदलू शकते का? आणि विमान किती जुनं ते कसं बघायचं?

शिफ्ट_इन्चार्ज | मंगळ, २३:०४

ताई, चालेल काय, विचाराच. वय बघायचं तर प्लेनस्पॉटर्सच्या साइटवर रजिस्ट्रेशन टाका, पहिलं उड्डाण कधी, आधी कुणाकडे होतं, सगळं येतं. डीजीसीएच्या साइटवर भारतात नोंदलेल्या विमानांचं अधिकृत रजिस्टरही आहे.

पण मी तुम्हाला एक सांगू का, तुम्ही नंबर बघून तिकीट ठरवू नका. एक तर मॉडेलसुद्धा ऐनवेळी बदलतं, मग तुम्ही गेटवर जाऊन जास्त घाबराल. दुसरं, वय आणि सुरक्षितता यांचं नातं लोक समजतात तसं नाही. सुटे भाग ठरलेल्या तासांना किंवा फेऱ्यांना बदलतात, विमान पंधरा वर्षांचं असलं तरी त्याचं इंजिन मागच्या वर्षी बसवलेलं असू शकतं. आणि मोठा दोष निघाला तर तो एका टेलपुरता क्वचितच असतो, अख्ख्या प्रकारालाच लागू होतो, आणि मग ती विमानं तुमच्यापर्यंत येतच नाहीत. मार्च २०१९ मध्ये ७३७ मॅक्स जगभर जमिनीवर बसवली, आपल्याकडे परवानगी मिळाली ऑगस्ट २०२१ मध्ये. नोव्हेंबर २०२५ मध्ये एअरबसने ए३२० घराण्यातल्या सुमारे ६००० विमानांचं कंट्रोल सॉफ्टवेअर बदलायला लावलं, तेव्हा आमच्या जुन्या ऑफिसात म्हणे सगळे शनिवार-रविवार जागे होते, एकेका टेलवर टिकमार्क करत.

कंपनी निवडून प्रकार निवडता येतो मात्र. म्हणजे अकासाकडे ७३७ मॅक्सशिवाय दुसरं काही नाही. लंडनसाठी मेधाताईंची सीट मॅपची युक्ती करा. आणि लवचिक भाडं घ्या, कारण केवळ विमान बदललं म्हणून कुठलीही कंपनी आपणहून पैसे परत देत नाही, कुठलं विमान द्यायचं हा अधिकार त्यांनी अटींमध्ये स्वतःकडे ठेवलेला असतो.

घाबरट_प्रवासी | मंगळ, २३:२०

मनापासून धन्यवाद. लवचिक भाडंच बघते.

आगाऊ_कार्टा | बुध, ०९:०५

मामा, इंडिगोमध्ये परदेशी नंबर मिळाला तर भाच्याची वही डबल श्रीमंत होईल. मुंबई–अॅमस्टरडॅम आणि मँचेस्टर जुलै २०२५ ला सुरू केलं ते नॉर्स अटलांटिककडून घेतलेल्या ७८७-९ ने, नंबर एलएन ने सुरू होणारा, म्हणजे नॉर्वेचा. त्याआधी २०२३ मध्ये इस्तंबूलला टर्किशची ७७७, टीसी ने सुरू होणारी. तिकीट ६ई चं, म्हणजे इंडिगोचं, विमान आणि वैमानिक पाहुणे.

नागपुरी_मामा | बुध, ०९:४०

त्याला सांगू नका कुणी, अॅमस्टरडॅमचं तिकीट मागेल. बादवे, इथे नागपूरला कधीकधी ७७७ उभं दिसतं, भाचा वेडा होतो. ते कुठे जातं?

शिफ्ट_इन्चार्ज | बुध, १०:१५

कुठेच नाही. मिहानमध्ये मोठं मेंटेनन्सचं हँगर आहे, बोइंगने बांधून एअर इंडियाला दिलं, २०१५ मध्ये. तपासणीला आलेलं असतं. पण भाच्याच्या वहीसाठी सोय आहे बघा, तपासणी झाली की ते रिकामंच मुंबई नाहीतर दिल्लीला जातं आणि मग एखाद्या लांबच्या फ्लाइटला लागतं. रडारवर नागपूर एअरपोर्टच्या डिपार्चर्समध्ये ७७डब्ल्यू दिसलं तर नंबर टिपून ठेवा आणि पुढचे दोन दिवस ते कुठे जातं त्याचा माग काढा. चांगला खेळ आहे.

रात्रपाळी | बुध, १२:५५

मी काल रात्री बसून थोडं करून बघितलं. ज्यांना कोडिंग येतं त्यांच्यासाठी.

फ्लाइटअवेअरचं एरोएपीआय आहे, एरोडेटाबॉक्स आहे, दोन्हींत फ्लाइट नंबर आणि तारीख दिली की उत्तरात रजिस्ट्रेशनचा रकाना असतो, भरलेला असेल तर. भविष्यातल्या फ्लाइटला बऱ्याचदा रिकामा. ओपनस्काय नेटवर्क आहे, ते संशोधनासाठी आणि बिगर-व्यावसायिक वापराला फुकट, पण त्यात फक्त झालेलं आणि चाललेलं, पुढचं काही नाही.

मग मी उलटं केलं. फ्लाइटला विमान विचारण्याऐवजी मागच्या काही दिवसांच्या नोंदी घेऊन हे बघितलं की संध्याकाळच्या त्या मुंबई–दिल्लीला जे विमान लागलं ते त्याआधी कुठून आलं होतं. म्हणजे टेल बदलते पण साखळी तीच राहते का. आणि राहते! बऱ्याच दिवशी ते दुपारी एकाच गावाहून आलेलं होतं. म्हणजे नेमकं विमान नाही कळलं तरी कुठल्या येणाऱ्या फ्लाइटवर डोळा ठेवायचा ते कळतं. ती फ्लाइट तिकडून सुटली की तिचं रजिस्ट्रेशन लाइव्ह, म्हणजे पक्कं, आणि मग आपल्याकडे दोन-तीन तास.

शिफ्ट_इन्चार्ज | बुध, १३:३०

शाब्बास. आम्ही आत बसून जे बघायचो ते तुम्ही बाहेरून काढलंत. फक्त एक गोष्ट बघा, वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, उन्हाळी आणि हिवाळी. तेव्हा साखळ्या सगळ्या नव्या होतात, जुना अभ्यास फेकून द्यायचा. आणि विमान येऊन तुमची फ्लाइट सुटायला वेळ किती आहे ते बघा. पाऊण तास असेल तर तेच विमान पुढे जाणार, कारण त्या वेळासाठीच ते बांधलेलं असतं. तीन तास पडून राहणार असेल तर मध्ये कुणीतरी ते उचलतं.

खिडकीची_सीट | बुध, १४:१०

हे परदेशी कंपन्यांना सगळ्यात छान लागू पडतं. एमिरेट्सचं दुबई–मुंबई घ्या. साधारण तीन तास येणार, दीडेक तास थांबणार, तेच परत जाणार, मुंबईत त्यांच्याकडे राखीव काही नाही. म्हणजे दुबईहून सुटलं की तुमच्या परतीच्या चार-साडेचार तास आधी ए६ वाला नंबर पक्का. सिंगापूर एअरलाइन्सचं ए३८० मुंबईला आलं की ९व्ही-एसके अमुक, आणि मोठी खोली हवी असेल तर सगळा वरचा मजला, ६ स्वीट्स, ७८ बिझनेस. भाच्याला सांगा असा संग्रह पूर्ण करता येतो, ए३८० त्यांच्याकडे डझनभरच.

मुंबई एअरपोर्टवर नंबर दिसला नाही तर पुढच्या चाकाच्या झाकणावर बघायचं, बहुतेक कंपन्या शेवटची दोन-तीन अक्षरं तिथे लिहितात, एरोब्रिजवरून खाली वाकलं की दिसतं. आणि विमानात शिरताना डाव्या दाराच्या चौकटीत एक छोटी धातूची पट्टी असते, तिच्यावर कारखान्याचा क्रमांक. मी ती वाचायला थांबते म्हणून माझ्या मागचे लोक नेहमी वैतागतात, वैतागू देत.

ठाणेकर_७७ | बुध, १६:४८

धागा भरकटवत नाही, विषयाला धरूनच विचारतो. हे सगळं करून विमान बदललेलं कळलं, पण मग काय? माझ्या भावाचं एका कंपनीचं बिझनेसचं तिकीट होतं, मुंबई–दिल्ली, ऐनवेळी लहान विमान आणलं, त्यात बिझनेसच नाही, इकॉनॉमीत बसवलं आणि हातात एक सँडविच दिलं. त्याने भांडायला हवं होतं का?

शिफ्ट_इन्चार्ज | बुध, १८:०२

भांडायची गरजच नाही, नियम आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून डीजीसीएची दुरुस्ती लागू आहे. प्रवाशाच्या मर्जीविरुद्ध खालच्या वर्गात बसवलं तर देशांतर्गत फ्लाइटला तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत, करांसकट. आंतरराष्ट्रीयला अंतराप्रमाणे, १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, १५०० ते ३५०० ला ५०, त्याच्या वर ७५. भावाला सांगा मूळ तिकीट आणि इकॉनॉमीचा बोर्डिंग पास दोन्हींचे फोटो लावून आधी कंपनीला लेखी मागणी कर, तिथे टोलवाटोलवी झाली तर एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाक. रजिस्ट्रेशनही अर्जात लिहायला सांगा, आता काढायचं कसं ते वर आलंच आहे. मग "विमान बदललंच नव्हतं" असं उत्तर देता येत नाही.

ठाणेकर_७७ | बुध, १८:३०

बोर्डिंग पास फोनमध्ये होता, ॲपमधून गेलाय. ईमेल आहे फक्त.

शिफ्ट_इन्चार्ज | बुध, १८:४१

ईमेलला जोडलेल्या पीडीएफमध्ये सीट नंबर असेल तर तोच पुरे. पीएनआर टाकून द्या, बाकीचं त्यांच्याकडे निघतं.